जुळ्यांमध्ये व्यंग असतंच का? आधी वार किती आहेत ते विचारा

प्रश्न असा आला आहे: "वय 31, भांडुपला राहते. पहिलंच गरोदरपण, तेरावा आठवडा संपत आलाय. जुळी आहेत आणि रिपोर्टवर 'एमसीडीए ट्विन्स' असं लिहिलंय. नात्यातल्या एका जुळ्यांपैकी एका बाळाच्या हृदयाला भोक होतं, तेव्हापासून सासूबाई म्हणतात की जुळ्यांत एक तरी अधू निघतंच. हे खरं आहे का? एकात दोष निघाला तर दुसऱ्यातही असतो का? कुठल्या तपासण्या करू? आणि माझ्या बहिणीलाही असंच होईल का?"

ताई, सासूबाईंचं म्हणणं खरं नाही. पण त्यांची काळजी अगदीच निराधार आहे असंही मी म्हणणार नाही. पोटात एकच बाळ असतं तेव्हा 100 पैकी साधारण 2 ते 3 बाळांत एखादं मोठं जन्मजात व्यंग आढळतं. दोन वेगवेगळ्या स्त्रीबीजांपासून झालेल्या जुळ्यांत प्रत्येक बाळामागचा धोका जवळपास तेवढाच राहतो. बाळं दोन असल्यामुळे 'दोघांपैकी एकात तरी' ही शक्यता दुप्पट होते, इतकंच. एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन झालेल्या जुळ्यांत मात्र हे प्रमाण 2 ते 3 पट असतं. तुमची जुळी या दुसऱ्या प्रकारातली आहेत. तरीही हिशेब मांडून बघा: अशा 100 बाळांपैकी 90 हून जास्त बाळं कुठल्याही मोठ्या व्यंगाशिवाय जन्माला येतात.

आता त्या 'एमसीडीए'कडे वळू. तुमच्या रिपोर्टमधली सगळ्यात मोलाची नोंद हीच आहे आणि ज्यांनी ती वेळेत लिहिली त्यांनी काम चोख केलंय. तिचा अर्थ असा की दोन्ही बाळांची वार (प्लासेंटा) एकच आहे आणि पाण्याच्या पिशव्या दोन आहेत. जुळी म्हटली की नातेवाईक विचारतात, सारखी दिसतील का? आम्ही विचारतो, वार किती? पुढचं जवळजवळ सगळंच या उत्तरावर ठरतं: सोनोग्राफी किती दिवसांनी करायची, हृदयाची खास तपासणी हवी का, एका बाळाला काही झालं तर दुसऱ्याला धोका किती आणि बाळंतपण कोणत्या आठवड्यात.

वार मोजायची योग्य वेळ 11 ते 14 आठवड्यांची. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे चिकटतो तिथे सोनोग्राफीत नीट बघतात. वारा दोन असतील तर त्या जागी वारेचा छोटा त्रिकोणी कोंब पडद्यात शिरलेला दिसतो. वार एकच असेल तर पडदा कागदासारखा पातळ असतो आणि इंग्रजी 'टी' अक्षरासारखा सरळ येऊन टेकतो. पाचव्या महिन्यात हे ओळखणं कठीण होऊन बसतं, कारण तोवर दोन वेगळ्या वाराही एकमेकींना खेटून एकच असल्यासारख्या दिसू लागतात. माझ्याकडे सातव्या महिन्यात येणाऱ्या कितीतरी जणींच्या फाइलमध्ये 'ट्विन्स, दोन्ही हार्टबीट छान' एवढंच लिहिलेलं असतं. वार किती, या नोंदीअभावी पुढचे सगळे निर्णय अंदाजाने घ्यावे लागतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. हे वाचणाऱ्या इतर कुणाला जुळी असतील आणि रिपोर्टमध्ये वारेचा उल्लेख नसेल, तर चौदावा आठवडा उलटायच्या आत पुन्हा जाऊन तो लिहून घ्या आणि ती फिल्म जपून ठेवा.

परदेशी पुस्तकांत आणखी एक खूण दिलेली असते: एक मुलगा आणि एक मुलगी असेल तर वारा दोन. आपल्याकडे ती खूण डॉक्टर सांगणार नाहीत, लिहिणार नाहीत, आणि तुम्हीही विचारू नका. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा सगळ्यात आधी, 1988 मध्ये, महाराष्ट्राने केला आणि 1994 चा केंद्राचा कायदा त्यानंतर आला. त्यामागचं कारण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पडदा नीट पाहिला की त्या खुणेची गरजही उरत नाही.

सारख्या, म्हणजे एकाच बीजाच्या, जुळ्यांत व्यंगाचं प्रमाण जास्त का? एका कारणाने सगळं समजावता येत नाही. फलित बीजाचं दोनांत विभाजन होणं हीच मुळात एक असाधारण घटना आहे. ते पहिल्या तीन दिवसांत झालं तर दोन वारा, दोन पिशव्या. साधारण चौथ्या ते आठव्या दिवशी झालं तर एक वार, दोन पिशव्या, म्हणजे तुमच्यासारखं. त्यानंतर बाराव्या दिवसापर्यंत झालं तर वारही एक आणि पिशवीही एक. त्याहून उशीर झाला तर विभाजन अपुरं राहतं आणि बाळं जोडलेली राहतात. जोडलेली जुळी फारच विरळा, साधारण 50,000 ते 1,00,000 जन्मांमागे एक. परळच्या वाडिया बालरुग्णालयात अशा बाळांना वेगळं करण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत, त्या बातम्या तुम्ही वाचल्याही असतील. तुमच्या रिपोर्टमध्ये दोन पिशव्या स्पष्ट लिहिल्या आहेत, त्यामुळे ती भीती मनातून काढून टाका.

तर विभाजन जितकं उशिरा, तितका शरीराच्या मधल्या रेषेवरच्या अवयवांच्या घडणीत गोंधळ होण्याचा संभव जास्त. मेंदू आणि पाठीचा कणा, हृदय, पोटाची पुढची भिंत, मूत्रमार्ग आणि गुदद्वाराचा भाग, अशा जागी हे दोष दिसतात. दुसरा गट दाटीवाटीचा: जागा अपुरी पडल्याने पाऊल आत वळणं, कंबरेचा सांधा सैल राहणं, डोक्याचा आकार एका बाजूला दबणं. यातलं बरंचसं जन्मानंतर आपोआप किंवा साध्या उपचारांनी सुधारतं. वळलेलं पाऊल पहिल्या काही आठवड्यांत प्लास्टर सुरू केलं तर बहुतेक मुलांचं छान सरळ होतं आणि ती मुलं पळतात, खेळतात.

एकात दोष असेल तर दुसऱ्यातही असतो का, हे तुम्ही विचारलंत. बहुतेक वेळा नाही. सारख्या जुळ्यांतही मोठ्या व्यंगाच्या बाबतीत एकच बाळ बाधित आणि दुसरं पूर्ण निरोगी, असंच चित्र जास्त दिसतं. जनुकं तीच असूनही असं होतं, कारण ही व्यंगं केवळ जनुकांतून येत नाहीत. म्हणून सोनोग्राफी करणाऱ्याने दोन्ही बाळांचा प्रत्येक अवयव वेगवेगळा बघून वेगवेगळा लिहायला हवा. वीस मिनिटांत जुळ्यांची व्यंगतपासणी उरकली असेल तर ती पुरेशी झाली असं मी मानत नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. तुम्ही जोडकेळं खाल्लंत म्हणून जुळी झाली नाहीत आणि ग्रहणात विळी हातात धरली म्हणून कुणाचा ओठ फाटत नाही. एका बीजाचे दोन भाग का होतात याचं ठोस कारण वैद्यकशास्त्राला अजून सापडलेलं नाही. जगभर सगळ्या देशांत हे प्रमाण साधारण सारखंच आहे, 1000 बाळंतपणांत 3 ते 4. आईने काय खाल्लं, कुठे गेली, काय उचललं याचा त्याच्याशी संबंध नाही. सासूबाईंनाही हे वाचून दाखवा, कारण घरात सतत 'एक तरी अधू निघतं' ऐकत राहणं तुमच्या तब्येतीला बरं नाही.

एका वारेच्या जुळ्यांत व्यंगाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त लक्ष आम्ही दुसऱ्या एका गोष्टीवर ठेवतो. चाळीतल्या दोन बिऱ्हाडांना एकाच टाकीचं पाणी असावं, तसं या दोन बाळांचं रक्त एकाच वारेतून येतं, आणि वारेच्या आत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेक जुळ्यांत देवाणघेवाण समतोल राहते. साधारण 10 ते 15 टक्के जुळ्यांत ती एकाच दिशेने वाहू लागते: एक बाळ देत राहतं, दुसरं घेत राहतं. देणाऱ्या बाळाचं रक्त कमी पडतं, लघवी कमी होते, त्याच्याभोवतीचं पाणी आटतं. घेणाऱ्याला रक्त जास्त होतं, ते सारखी लघवी करतं, त्याची पिशवी फुगते आणि त्याच्या हृदयावर ताण येतो.

सोनोग्राफीच्या पडद्यावर हे कसं दिसतं ते सांगते, म्हणजे तुमच्या डॉक्टर दर पंधरा दिवसांनी काय शोधतात ते कळेल. प्रत्येक बाळाच्या ओटीपोटात मूत्राशय काळ्या गोल ठिपक्यासारखं दिसतं. ते भरतं, रिकामं होतं, पुन्हा भरतं. देणाऱ्या बाळात तो ठिपका छोटा होत जातो आणि पुढे अर्धा-अर्धा तास वाट पाहूनही दिसत नाही. पाण्याचा सगळ्यात खोल कप्पा मोजला तर एकीकडे 2 सेंटिमीटरपेक्षा कमी आणि दुसरीकडे 8 पेक्षा जास्त भरतो. पडदा देणाऱ्या बाळाच्या अंगाला घट्ट लपेटला जातो आणि ते गर्भाशयाच्या भिंतीशी चिकटल्यासारखं एका जागी राहतं, मग आईने कूस बदलली तरी ते हलत नाही. हे दिसलं की त्याच दिवशी गर्भवैद्यक तज्ज्ञांना फोन जायला हवा.

उपचार आहे. पोटातून सुईएवढी दुर्बीण आत घालून वारेवरच्या जोडणाऱ्या रक्तवाहिन्या लेझरने बंद करतात. युरोपात झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे सिद्ध केलं की नुसतं पाणी काढत राहण्यापेक्षा लेझर सरस आहे. साधारण 16 ते 26 आठवड्यांत ही शस्त्रक्रिया करतात. मुंबईत ती करणारी केंद्रं मोजकीच आहेत, पण आहेत. उपचार न करता तीव्र स्वरूपात सोडून दिलं तर दोन्ही बाळं जाण्याचा धोका फार मोठा असतो. म्हणून एका वारेच्या जुळ्यांची सोनोग्राफी सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी, हा नियम मी कुणालाही मोडू देत नाही. 'मागच्या महिन्यात तर नॉर्मल होतं' याला इथे अर्थ नसतो. आणि चार-पाच दिवसांत पोट एकदम ताणल्यासारखं झालं, झोपल्यावर दम लागू लागला, तर 'जुळी आहेत, पोट मोठं होणारच' असं कुणीही म्हटलं तरी थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

आता हृदयाच्या भोकाबद्दल. एका वारेच्या जुळ्यांत हृदयाच्या दोषांचं प्रमाण एकट्या बाळापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं. शिवाय रक्ताच्या असमतोलामुळे घेणाऱ्या बाळाच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीची झडप पुढे पुढे अरुंद होऊ शकते, म्हणजे हृदय आधी चांगलं घडलेलं असूनही वारेमुळे बिघडतं. म्हणून 18 ते 20 आठवड्यांच्या व्यंगतपासणीबरोबर दोन्ही बाळांची फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, करून घ्या. तुमच्या नात्यातल्या बाळाचं भोक हे लहानसं असेल तर अशी कित्येक भोकं आपोआप बुजतात. मोठ्या दोषांवर शस्त्रक्रिया होते, आणि आधीच माहीत असेल तर बाळंतपण अशा ठिकाणी ठरवता येतं जिथे मुलांचे हृदयतज्ज्ञ हजर असतील.

डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषाचं गणित वेगळं. तुमची बाळं एकाच बीजाची, त्यामुळे असला तर दोघांना, नाहीतर कुणालाच नाही, अपवाद अगदी क्वचित. दोन बीजांच्या जुळ्यांत प्रत्येकाचं नशीब स्वतंत्र. तेरावा आठवडा संपत आलाय म्हणता, तर मानेमागच्या पाण्याची जाडी दोघांचीही मोजली गेली आहे ना, हे आजच रिपोर्टमध्ये बघा. 14 आठवडे पूर्ण झाले की ती खिडकी बंद होते. दोघांच्या मापात मोठी तफावत असेल तर तो पुढच्या असमतोलाचा इशाराही असू शकतो. डबल मार्करची रक्ततपासणी जुळ्यांत थोडी कमी भरवशाची ठरते. आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए तपासणारी एनआयपीटी डाऊन सिंड्रोमसाठी जुळ्यांतही चांगली चालते, फक्त खर्चिक आहे. सुरुवातीला तीन पिशव्या दिसून एक आपोआप विरली असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा, कारण त्या विरलेल्या गर्भामुळे या चाचणीचा निकाल फसवा येऊ शकतो. आणि या सगळ्या चाळणी-चाचण्या आहेत. पॉझिटिव्ह आली म्हणजे दोष आहेच असं नाही, पाणी काढून खात्री केल्याशिवाय कुठलाही निर्णय घेऊ नका.

समजा एका बाळात गंभीर दोष निघाला, तर? तुम्ही हे थेट विचारलं नाहीत, पण मनात आहे असं प्रश्नावरून वाटतं. इथेही उत्तर वारेकडेच जातं. वारा दोन असतील आणि एका बाळाची कवटी व मेंदू तयारच झालेला नसेल, तर त्या एकाच बाळाच्या हृदयात औषध देऊन ते थांबवता येतं, दुसरं वाढत राहतं. किंवा काहीच न करता दोन्ही गर्भ पुढे नेता येतात. मेंदू नसलेलं बाळ पाणी गिळत नाही, त्यामुळे त्याच्याभोवती पाणी साठतं आणि कळा लवकर सुरू होण्याचा धोका निरोगी बाळालाही पोचतो. कुठला मार्ग घ्यायचा हे आईवडिलांनी ठरवायचं. मी दोन्ही मार्ग निवडणाऱ्या आया पाहिल्या आहेत आणि दोघींच्या निर्णयाचा मला सारखाच आदर आहे.

वार एकच असेल तर ते औषध चालत नाही, कारण ते रक्तावाटे दुसऱ्या बाळात जातं. शिवाय एक बाळ गेलं की त्याच्याकडे दुसऱ्याचं रक्त एकदम ओढलं जातं. एका वारेत एक बाळ पोटातच गेलं तर दुसरं जाण्याची शक्यता साधारण 15 टक्के आणि वाचलेल्याच्या मेंदूला इजा होण्याची 25 टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणून अशा वेळी नाळेतला रक्तप्रवाहच विशिष्ट पद्धतीने बंद करावा लागतो, आणि हे काम त्यातल्या निष्णात माणसाचंच. दुर्दैवाने एखादं बाळ आपोआप गेलं तर घाबरून त्याच दिवशी दुसऱ्याला बाहेर काढून सहसा फायदा होत नाही. झालेली इजा त्या पहिल्या काही मिनिटांतच होऊन गेलेली असते आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर वर त्याचाही त्रास. काही आठवड्यांनी मेंदूची एमआरआय करून बघतात.

कायद्याचंही सांगते. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने, आणि गर्भातल्या गंभीर दोषासाठी 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यापुढे मोठं व्यंग असेल तर मेडिकल बोर्डाची परवानगी लागते. निर्णय एका बाळापुरता असला तरी आठवडे मोजले जातातच, म्हणून व्यंगतपासणी बाविसाव्या आठवड्यापर्यंत ढकलू नका. 18 ते 20 मध्ये केली की विचार करायला, दुसरं मत घ्यायला वेळ उरतो.

जुळ्यांच्या बाबतीत पुढच्या अपंगत्वाचं एक मोठं कारण व्यंग नसून लवकर जन्म हे आहे. निम्म्याहून जास्त जुळी 37 आठवड्यांच्या आत जन्मतात. सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी राहण्याचं) प्रमाण जुळ्यांत एकट्यापेक्षा काही पटींनी जास्त आहे, तिळ्यांत त्याहूनही. त्यामुळे रुग्णालय निवडताना खोली कशी आहे हे मागाहून बघा, आधी विचारा की नवजात बाळांचं अतिदक्षता केंद्र तिथेच आहे का, एका वेळी दोन बाळांची सोय होईल का. भांडुपहून परळला किंवा शीवला पोचायला संध्याकाळी किती वेळ लागतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. बाळ जन्मल्यावर रुग्णवाहिकेतून हलवण्यापेक्षा पोटात असतानाच त्या ठिकाणी पोचलेलं केव्हाही चांगलं. केईएम, शीव, नायर इथे नवजात विभाग आहेत, खर्चाची अडचण असेल तर तिथे आधीच नाव नोंदवा. चौतीस आठवड्यांच्या आत कळा येऊ लागल्या तर फुप्फुसांसाठीची इंजेक्शनं वेळेत मिळाली पाहिजेत. सगळं सुरळीत असेल तर एका वारेच्या जुळ्यांचं बाळंतपण साधारण छत्तिसाव्या आठवड्यात ठरवतात, त्यापुढे ताणत नाहीत. रक्तदाब वाढू नये म्हणून कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करायची का हेही पुढच्या भेटीत विचारा, जुळ्यांत ती बऱ्याचदा देतात.

जन्मानंतर काही दोष लक्षात आलाच, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून वळलेलं पाऊल, फाटलेला ओठ, हृदयाचे दोष यांवर मोफत उपचार होतात. पालिकेच्या दवाखान्यात त्याची चौकशी करा.

आणि तुमची बहीण. एका बीजाची जुळी घराण्यात चालत येत नाहीत, त्यामुळे तुम्हाला झाली म्हणून तिला होतील असं नाही. दोन बीजांची जुळी मात्र आईच्या बाजूने घराण्यात दिसतात, शिवाय वाढतं वय आणि वंध्यत्वाचे उपचार यांनीही वाढतात. तिने दिवस राहायच्या आधीपासून फोलिक ॲसिडची गोळी सुरू करावी, कारण पाठीच्या कण्याची नळी गर्भधारणेनंतर 28 दिवसांत बंद होते, आणि तोवर बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. तुमच्या जुळ्यांत काही दोष सापडला तर तो कुठला आहे यावर बहिणीला काही तपासण्या हव्यात का ते ठरेल. तसं काही नसेल तर तिने तुमचे रिपोर्ट घेऊन फिरायची गरज नाही.